माणूस दुसऱ्याच्या मदतीला का जातो?

दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. तेच दुःख पाहून मान वळवून आपण पुढे निघून जातो, हाही आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. जो मनुष्य भीमजयंतीच्या रक्तदान शिबिरात एका अपरिचितासाठी रक्त देतो, तोच मनुष्य एखाद्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या जखमीभोवतीच्या गर्दीत नुसता उभा असतो. त्याला करुणावान म्हणावे की निष्ठुर? असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळणार नाही, कारण दोन्ही वेळी मनुष्य तोच आहे. बदलली आहे ती परिस्थिती आणि त्या परिस्थितीकडे पाहणारी त्याची दृष्टी. म्हणून माणूस मुळात चांगला की वाईट या जुन्या वादात न शिरता, माणसाचा हात कोणत्या कारणांनी पुढे होतो आणि कोणत्या कारणांनी आखडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत.

या विचारासाठी आम्ही दोन साधने घेतली आहेत. एक, गेल्या साठ वर्षांतील मानसशास्त्राचे प्रयोग. आणि दुसरे, विनयपिटकाच्या महावग्गातील एका आजारी भिक्खूचा प्रसंग. भगवान बुद्धांनी आधुनिक मानसशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असा दावा आम्ही करीत नाही. तशा दाव्याने बुद्धाची थोरवी वाढत नाही आणि विज्ञानाचीही वाढत नाही. परंतु ज्या मानवी दुबळेपणाचे मोजमाप आज प्रयोगशाळेत केले जाते, तोच दुबळेपणा तथागतांनी आपल्या संघात पाहिला आणि त्यावर उपाय योजला. तो उपाय आपल्या आजच्या वस्तीला व विहाराला उपयोगी आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मदतीची मुळे

मदत करण्याची प्रवृत्ती माणसात किती खोलवर रुजलेली आहे, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून दिसून आले. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी अठरा महिन्यांच्या बालकांसमोर काही साधे प्रसंग घडवून आणले. एका अनोळखी माणसाच्या हातून वस्तू खाली पडते आणि त्याचा हात तेथवर पोहोचत नाही. किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाटाचे दार उघडता येत नाही. बालकांना कोणी मदतीची विनंती केली नाही, बक्षीस दाखविले नाही. तरीही २४ पैकी २२ बालकांनी निदान एकदा तरी त्या माणसाला मदत केली. ज्यांना अजून नीट बोलताही येत नाही, ज्यांना धर्म, जात, पुण्य यांपैकी काहीही ठाऊक नाही, ती बालके दुसऱ्याची अडचण ओळखतात आणि स्वतःहून पुढे होतात. करुणेचे बीज सर्वांत आहे, असे म्हणण्यास हा भक्कम आधार आहे.

हे बीज निसर्गात टिकले कसे? जीवशास्त्राने याची दोन प्रमुख उत्तरे दिली आहेत. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी रक्ताच्या नात्याचे स्पष्टीकरण मांडले. आपल्या भावंडांत व मुलांत आपलाच आनुवंशिक वारसा असतो. त्यांच्यासाठी झीज सोसणारी प्रवृत्ती म्हणून पुढच्या पिढीत उतरते. १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी परतफेडीचे स्पष्टीकरण मांडले. आज मी तुझ्या उपयोगी पडतो, उद्या तू माझ्या उपयोगी पड. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व शिकविण्याची गरज नाही. सावड आणि इर्जिक या प्रथा त्यावरच उभ्या आहेत. लग्नघरातील आहेराची वहीसुद्धा त्याच तत्त्वाची साक्ष देते.

मग माणसाची सारी मदत हा शेवटी स्वार्थाचाच हिशेब आहे काय? या प्रश्नावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी अनेक वर्षे काम केले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एक विद्यार्थिनी विजेचे झटके सोसत आहे, असे पाहणाऱ्याला दाखविले जाई. प्रत्यक्षात तो अभिनय होता. तिच्या जागी स्वतः झटके घेण्याची मुभा पाहणाऱ्याला होती, आणि काही जणांना तेथून लवकर निघून जाण्याची मोकळीकही होती. ज्यांच्या मनात तिच्याविषयी फारशी समानुभूती जागी झाली नव्हती, त्यांतील बहुतेकांनी संधी मिळताच निघून जाणे पसंत केले. ज्यांच्या मनात समानुभूती प्रबळ होती, त्यांच्यापैकी बहुतेकांनी जाण्याचा मार्ग मोकळा असतानाही तिची जागा घेण्याची तयारी दाखविली. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. परंतु दुसऱ्याचे दुःख नाहीसे व्हावे एवढ्याच हेतूने माणूस झळ सोसू शकतो, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

म्हणजे रक्ताचे नाते, परतफेडीची अपेक्षा आणि समानुभूती ही मदतीची तीन मुळे झाली. परंतु नाते नाही, परतफेडीची आशा नाही आणि पाहणाऱ्याच्या मनात समानुभूतीही जागी होत नाही, अशा माणसाचे काय? महावग्गातील प्रसंग नेमका येथे सुरू होतो.

आजारी भिक्खू

चीवरक्खंधक या प्रकरणात हा प्रसंग आला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार जडला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत असता त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, असे त्यांनी विचारले. कोणी नाही, असे उत्तर मिळाले. का नाही, असे विचारता त्या भिक्खूने सांगितलेले कारण फार मोलाचे आहे: मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नाही. परतफेडीचा नियम त्याने जणू न्याय्य म्हणून स्वीकारला आहे.

तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खूसंघाला एकत्र बोलावून त्यांनी तोच प्रश्न विचारला. संघानेही तेच उत्तर दिले. तेव्हा तथागतांनी त्यांना जाणीव करून दिली की, तुमची काळजी घेण्यास येथे माता नाही व पिताही नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती करणार कोण? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

आपण बहुधा येथेच थांबतो आणि तथागतांच्या महाकारुणिकतेला वंदन करतो. परंतु प्रसंग येथे संपत नाही. तथागतांनी नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर तो बरा होईपर्यंत उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी. उपाध्याय नसेल तर आचार्याने; तो नसेल तर शिष्याने, अंतेवासीने, गुरुबंधूने. यांपैकी कोणीही नसेल तर संघाने. जो ही जबाबदारी टाळील त्याला दुक्कट हा दोष लागेल.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गृहत्याग केलेल्या भिक्खूंमध्ये रक्ताच्या नात्याचा आधार संपला होता. आजारी माणूस निरुपयोगी ठरल्यामुळे परतफेडीचा आधारही तुटला होता. दुर्गंधीमुळे समानुभूतीच्या जागी किळस आली होती. मदतीची तिन्ही नैसर्गिक मुळे जेथे सुकली, तेथे तथागतांनी चौथा आधार निर्माण केला. त्याचे नाव आहे नेमून दिलेली जबाबदारी. प्रत्येकाच्या मनात करुणा जागी होण्याची वाट पाहत आजाऱ्याला मलमूत्रात पडू देणे त्यांना मान्य नव्हते.

बघ्यांची गर्दी

जबाबदारी नेमून दिली नाही तर काय होते, याचे मोजमाप १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी केले. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेद्वारे एकमेकांशी बोलावयास लावले. बोलता बोलता त्यांतील एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. हा आवाज पूर्वी ध्वनिमुद्रित केलेला असे. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी एक जण ऐकत आहे असे वाटणाऱ्यांपैकी ६२ टक्के उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी अवघे ३१ टक्के उठले. जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, घाम सुटला होता. करुणा होती, परंतु ती कोणाच्या नावावर नव्हती. प्रत्येकाला वाटले, कोणीतरी गेले असेल. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नाही, हे आपण सार्वजनिक नळाविषयी व गटाराविषयी नेहमी म्हणतो. माणसाच्या प्राणाविषयीही ते तितकेच खरे ठरते.

परिस्थितीचे बळ किती असते हे दाखविणारा दुसरा प्रयोग १९७३ साली प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवर केला. त्यांना भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठविले गेले. काहींच्या भाषणाचा विषय होता, वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधील कथा. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के. आणि उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. भाषणाचा विषय करुणेचा होता की अन्य काही, याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. धम्मावर प्रवचन करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या आपणा सर्वांना हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे.

याचा अर्थ गर्दी नेहमीच निष्क्रिय असते असा नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधील लँकेस्टर या शहरांत रस्त्यांवरील कॅमेऱ्यांनी टिपलेली २१९ भांडणे तपासण्यात आली. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. संकट उघड दिसत असेल, तर गर्दीतून कोणीतरी पुढे येते. कोणीतरी एक पुढे आला की इतरांचाही संकोच सुटतो. म्हणून पहिले पाऊल टाकणाऱ्याचे मोल मोठे आहे.

आपल्या देशात या संकोचात पोलीस-कचेरीची भीती मिसळलेली असते. सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजयपूर या दिशांना महामार्ग जातात आणि त्यांवर अपघात होतात. जखमीला उचलले तर आपणच चौकशीत अडकू, असे अनेकांना वाटते. वाचकांनी ध्यानात ठेवावे की, सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनीसांच्या संरक्षणाचे मार्गदर्शक नियम मान्य करून ते बंधनकारक केले. आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम १३४-अ घालून त्यांना कायद्याचे संरक्षण दिले. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. गर्दीत उभे असताना 'कोणीतरी फोन करा' असे म्हणू नये. समोरच्या एकाकडे बोट करून 'तुम्ही फोन करा' असे म्हणावे. जबाबदारीला नाव मिळाले की हात हलतात.

आपला कोण?

येथवर आपण पाहिले ते अडथळे जगात सर्वत्र आढळतात. परंतु भारतीय समाजात मदतीचा हात आखडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते बाबासाहेबांच्या आत्मकथनपर लेखनात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. १९०१ साली बालवयातील भीमराव आपला भाऊ व भाचे यांच्यासह सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरले. वडिलांकडून न्यावयास कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतील ती मुले पाहून स्थानकप्रमुखाने त्यांची विचारपूस केली. ही मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मुले तीच होती. त्यांची अडचण तीच होती. एका शब्दाने समानुभूतीच्या जागी किळस आली.

दुसरी हकीकत १९२९ सालची, काठेवाडातील. 'यंग इंडिया' पत्रात ती प्रसिद्ध झाली होती आणि बाबासाहेबांनी ती आपल्या लेखनात नोंदविली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी गंभीर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार नव्हता. दोन रुपये शुल्काची हमी मिळाल्यावर, वस्तीबाहेर आणून दाखवावे या अटीवर तो आला. तापमापक त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो शिक्षकाच्या हाती दिला, आणि शिक्षकाने पत्नीला लावला. फुप्फुसदाह असल्याचे सांगून, रोग्याला हातही न लावता डॉक्टर निघून गेला. पुन्हा बोलावले असता तो आला नाही. ती स्त्री मरण पावली.

या हकीकतीच्या शेजारी सोलापूरच्या एका सुपुत्राचे चरित्र ठेवून पाहावे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन १९३८ साली ते काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. चीनवर तेव्हा जपानचे आक्रमण झाले होते. पाचांपैकी चौघे कालांतराने मायदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद स्वीकारले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. भैय्या चौकातील त्यांच्या जन्मस्थळी आज स्मारक उभे आहे.

काठेवाडचा डॉक्टर आणि सोलापूरचा डॉक्टर यांच्यात नऊ वर्षांचेच अंतर आहे. विद्या दोघांची एकच. एकाला हातभर अंतर ओलांडता आले नाही. दुसऱ्याने देश, भाषा व वंश ओलांडले. परके कोण आणि आपले कोण, हे नकाशावर ठरत नाही. ते मनातील रेषेवर ठरते. आणि ती रेषा समाज आखतो.

समाजाने आखलेली रेषा पुसताही येते, याला आधार आहे. २००५ साली इंग्लंडमध्ये मार्क लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका फुटबॉल संघाच्या चाहत्यांवर प्रयोग केला. वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडे. त्याच्या अंगात आपल्या संघाचा सदरा असेल तर चाहते बहुधा मदतीला जात. प्रतिस्पर्धी संघाचा असेल तर क्वचितच. परंतु आपण सारे फुटबॉलप्रेमी आहोत, ही जाणीव ज्यांना प्रयोगापूर्वी करून दिली होती, ते प्रतिस्पर्ध्याच्याही मदतीला गेले. माणसे बदलली नव्हती. 'आम्ही' या शब्दाचा परीघ वाढला होता.

'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवर जे आरोप ठेवले, त्यांत हा एक प्रमुख आहे की, जातीने सार्वजनिक वृत्ती मारून टाकली. माणसाची दया, दान आणि निष्ठा जातीच्या कुंपणात कोंडली. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर जातीने 'आम्ही'चा परीघ आकुंचित केला. हा विकार जुना होऊन संपला असेही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतकार्यात दलितांना डावलले गेल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. समुद्राच्या लाटेने भेद केला नाही, तो माणसांनी केला.

याउलट, २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. ज्यांनी दारे उघडली त्यांचे आपल्याशी ना रक्ताचे नाते होते, ना देवाणघेवाण. या उपकाराचे स्मरण आपण ठेवले पाहिजे. कारण मदत मिळालेल्या समाजावर परीघ वाढविण्याची जबाबदारी अधिक असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा म्हणजे मानवमात्राविषयी प्रेम, आणि मैत्री म्हणजे त्याही पलीकडे सर्व प्राणिमात्रांविषयी प्रेम. परिघाला शेवटची रेषाच नसावी, हा मैत्रीचा अर्थ होय.

करुणेचा जवळचा शत्रू

परीघ वाढला, जबाबदारीही नेमली. तरी एक अडचण राहते. सतत दुःख पाहणारा माणूस थकतो. परिचारिका, डॉक्टर, घरात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा करणाऱ्या सुना व मुली यांना हा अनुभव रोजचा आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा व एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो सहज ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. दुसऱ्याच्या दुःखात आपण इतके बुडालो की आपलाच तोल गेला, तर ती करुणा राहत नाही. मग आपल्याला आपल्याच वेदनेतून सुटका हवी असते.

ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी या भेदाचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. काही व्यक्तींना प्रथम दुसऱ्याच्या वेदनेशी एकरूप होण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या मनातील क्लेश वाढला. नंतर त्याच व्यक्तींना मैत्रीभावनेवर आधारलेले करुणेचे शिक्षण दिले. क्लेश उतरला, प्रसन्नता व आपुलकी वाढली. मेंदूतील क्रियाशील भागही दोन्ही वेळी वेगवेगळे आढळले. मैत्रीभावना ही केवळ पौर्णिमेला म्हणावयाची गाथा नाही. सेवा करणाऱ्याचे मन टिकवून धरणारी ती साधना आहे.

विनयातही शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे कळावे. लाभाच्या आशेने न करता मैत्रीचित्ताने त्याने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी व वांती काढण्याची त्याला किळस नसावी. आणि धम्मकथेने त्याने आजाऱ्याला धीर द्यावा. या पाचांत पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. प्रज्ञेवाचून करुणा अपुरी, हे बाबासाहेबांनी वारंवार का सांगितले, हे येथे समजते.

उपकार आणि हक्क

मदतीच्या विवेचनात मदत घेणाऱ्याचा विचार बहुधा राहून जातो. ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर जगण्याचा अपमान सोसला, त्याला तो विसरता येणार नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनच्या प्रवासात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यतानिवारण संस्थेचे सचिव ठक्कर यांना पत्र लिहिले. काही थोड्या व्यक्तींना व्यसनमुक्ती, वाचनालये इत्यादींनी सुधारण्याऐवजी विहिरी, शाळा, रस्ते यांवरील नागरी हक्कांसाठी झटावे आणि कामास अस्पृश्य वर्गातील कार्यकर्ते घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागील भूमिका स्पष्ट आहे: मदतीने दुःखाचे कारण दूर होत नसेल आणि घेणाऱ्याची मान खाली जात असेल, तर ती मदत देणाऱ्याचाच मोठेपणा वाढविते. आजारी भिक्खूला मिळालेली शुश्रूषा भीक नव्हती. नियम झाल्यानंतर संघातील प्रत्येक आजाऱ्याचा तो हक्क झाला.

विहाराचे कर्तव्य

सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विडी कामगारांचे शहर. गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा चाळींतील सावडीचे अनेक धागेही सैल झाले. येथील शासकीय रुग्णालयात जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव जिल्ह्यातून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. अनेकांबरोबर एखादेच नातेवाईक असते. काहींबरोबर कोणीच नसते. अशा रुग्णाविषयी आपल्या वस्तीत हळहळ वाटत नाही असे नाही. हळहळ सर्वांना वाटते आणि म्हणूनच कोणी जात नाही.

उपाय तथागतांनी दाखविलेलाच आहे. प्रत्येक विहारात एक वही असावी. वस्तीतील आजारी, एकाकी वृद्ध, बाळंतीण यांची नावे तीत असावीत आणि प्रत्येक नावासमोर त्या आठवड्यात जबाबदारी असलेल्या उपासक-उपासिकेचे नाव असावे. 'सर्वांनी लक्ष द्यावे' असे वाक्य त्या वहीत लिहू नये. रुग्णाच्या जातीचा वा धर्माचा रकाना तीत नसावा. सेवेचा भार एकट्या स्त्रियांवर पडत नाही ना, हे पाहावे. प्रथमोपचार, औषधांच्या वेळा, सरकारी योजनांची कागदपत्रे यांची माहिती तरुणांना द्यावी, म्हणजे पाचांपैकी पहिले दोन गुण त्यांच्यात येतील. रविवारच्या वंदनेनंतर मागील आठवड्याची विचारणा व्हावी. ज्याच्याकडून काम राहिले त्याला दूषणे देऊ नयेत. त्याच्या जोडीला दुसरे नाव लिहावे.

माणूस मदतीला का जातो, या प्रश्नाचे आमच्या मते उत्तर असे आहे: तो जातो, कारण त्याच्यात करुणेचे बीज आहे, समोरचा त्याला आपला वाटतो, हे काम माझे आहे हे त्याला ठाऊक असते, आणि काय करावे हे त्याला कळते. पहिली गोष्ट निसर्गाने दिली आहे. उरलेल्या तीन आपल्या हातात आहेत. त्या आजारी भिक्खूने सांगितलेले कारण आपल्या वस्तीतील कोणाही आजाऱ्याला सांगावे लागू नये.